हलूनका मावशीची पॅसेंजर

तिचं खरं नाव वीजबिलावर छापून यायचं, बस, तेवढंच. स्टेशनकडे जाणाऱ्या सगळ्या रस्त्याला ती हलूनका मावशी. पासपोर्टचा फोटो असो, ओळखपत्राचा असो, नव्या बाळाचा पहिला असो की आजोबांचा भिंतीवर लावायचा, तिच्या त्या चिंचोळ्या स्टुडिओत जायचं, फिरत्या स्टुलावर बसायचं, दोरीनं बांधलेल्या कंगव्यानं भांग पाडायचा, आणि मावशीनं खणखणीत आवाजात "हलू नका!" म्हटलं की श्वाससुद्धा तिला विचारून घ्यायचा. खुंटीवर एक काळा कोट होता. ज्याच्याकडे कोट नसेल त्याच्यासाठी. त्यामुळे शहरातले निम्मे पुरुष फोटोत एकाच कोटात आहेत आणि तो कुणालाच बसलेला नाही.

हे "हलू नका" तिनं वडिलांकडून घेतलं होतं. स्टुडिओ मूळ वडिलांचा. त्यांचा लाकडी पेटीचा कॅमेरा अजून दर्शनी काचेत ठेवलेला होता. त्याला दाबायला बटणच नव्हतं. भिंगावर चामड्याची टोपी. टोपी काढली की फोटो सुरू, टोपी घातली की फोटो संपला. मधल्या वेळात समोरच्यानं दगड होऊन बसायचं, म्हणून वडील ओरडायचे. पुढे बटणाचे कॅमेरे आले, डोळ्याचं पातं लवायच्या आत फोटो निघायला लागला, तेव्हा ओरडायची काही गरज राहिली नव्हती. पण मावशी ओरडत राहिली. तिला ते शोभायचं.

आणि फोटो हललाच, तर दोष नेहमी गिऱ्हाइकाचा. "तुम्ही हललात." एवढं म्हणून ती पुन्हा बसवायची. कुणाची उलट बोलायची छाती नव्हती.

मग एका वर्षी पावसाळा सरल्यावर तिच्या हातातला कप बशीत ठेवताना वाजायला लागला. आधी तिला वाटलं, बशी वाकडी आहे. बशी बदलली. मग टेबल. टेबलाखाली पुठ्ठा घातला. मग एक दिवस एक मुख्याध्यापक निवृत्तीचा फोटो काढायला आले आणि फोटोत त्यांना दोन मिशा आल्या.

"तुम्ही हललात," मावशी म्हणाली.

"मी?" मुख्याध्यापक म्हणाले. "मी जन्मात कधी हललो नाही. माझ्या बायकोला विचारा."

पुन्हा काढला. या वेळी मिशी एकच आली, पण कान चार. मुख्याध्यापक सज्जन माणूस. त्यांनी फक्त तिच्या उजव्या हाताकडे बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला. ते बघणं मावशीला चपराकीसारखं लागलं. रात्री लेकीला सांगायची वेळ आली.

लेक औषधांच्या दुकानात कामाला. डॉक्टरनं एक गोळी लिहिली असेल तर ही तिच्याबरोबर चार उपदेश फुकट द्यायची. आईचा हात तिनं हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"कधीपासून?"

"कधीपासून काय? थंडी पडायला लागलीय."

"थंडी डाव्या हाताला नाही वाजत?"

मावशीनं हात काढून घेतला.

"आई, बास झालं आता. हा हिवाळा संपला की स्टुडिओ आवर आणि माझ्याकडे ये राहायला."

"तुझ्याकडे येऊन काय करू? गोळ्या मोजू?"

"आराम कर."

"आराम म्हणजे नेमकं काय करायचं ते सांग. मग करते."

लेकीनं त्या दिवशी हात टेकले, पण विषय सोडला नाही. ती आईचीच लेक. दुसऱ्या दिवशी येऊन तिनं कॅमेऱ्यातला टायमर लावून दिला: बटण दाबा, हात काढा, थोड्या वेळानं कॅमेरा आपला आपण फोटो काढील. मावशीनं आठवडाभर तेही करून बघितलं. फोटो हलत नव्हते, खरं आहे. पण सगळ्यांचे चेहरे बस चुकल्यासारखे यायचे. माणूस वाट बघायला लागला की त्याचा चेहरा बंद होतो, आणि तो उघडा असतो तेवढ्यात पकडणं हीच तर तिची सगळी विद्या होती. "समोरचा कधी मोकळा होतो ते मला दिसतं," ती म्हणाली. "या यंत्राला काय दिसतं? कपाळ!" आणि टायमर बंद केला. डाव्या हातानं बटण दाबून बघितलं, तर ती वेळ हमखास चुकायची.

थंडी कडक झाली. मावशी हाताच्या कोपराखाली उशी घेऊन फोटो काढायला लागली. दहातले चार हलायचे. मग पाच. अशातच स्टेशनवरून फोन आला.

स्टेशनमास्तर नवा होता, नुकताच बदली होऊन आलेला. आवाज मधाळ.

"मॅडम, आपला वेटिंग हॉल नव्यानं केलाय. भिंती अगदी बोडक्या दिसतात. पॅसेंजरचे फोटो हवेत, चांगले मोठे."

"पॅसेंजरचे?"

"हो. संध्याकाळी येतात ना, त्या."

"त्याच कशाला?"

"दिवे लागल्यावर काय दिसतात हो! आणि या थंडीत तर नुसतं बघत राहावं. मी रोज उभा राहून बघतो."

मावशीनं फोन कानापासून जरा लांब धरला.

"सगळ्या नकोत," मास्तर म्हणाला. "दोन-तीन निवडा. जरा बऱ्या दिसणाऱ्या. नुकत्याच रंगवलेल्या मिळाल्या तर उत्तम. आणि धुतलेल्या."

"धुतलेल्या."

"काही काही इतक्या कळकट येतात! मी सांगून सांगून थकलो. समोरून घ्या, बाजूनं घ्या. मागून नको. मागून काही बघण्यासारखं नसतं."

"तुम्हाला घरी बायको आहे का?"

"आहे की! तिलाही भारी वेड. लग्न झाल्यावर आम्ही दोघं रोज संध्याकाळी जोडीनं बघायला जायचो."

मावशीनं फोन ठेवला आणि ती पाणी प्यायली.

तुमच्या लक्षात आलंच असेल. तिच्या आलं नाही. जगात लहान-मोठ्या सगळ्या स्टेशनांवर थांबत जाणाऱ्या गाडीला पॅसेंजर म्हणतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण जन्मभर जिनं माणसाच्या चेहऱ्याशिवाय कशाचाही फोटो काढला नाही, तिच्या लेखी पॅसेंजर म्हणजे माणूस आणि गाडी म्हणजे गाडी. गाडीचा कुणी फोटो काढतं का? गाडीला काय ओळखपत्र लागतं?

काम नाकारायचं, असं तिनं ठरवलं. मग वाटलं, नाही. काम घ्यायचं आणि या चावट मास्तरला असे पॅसेंजर दाखवायचे, की याची मान खाली गेली पाहिजे. दमलेले, म्हातारे, मफलर गुंडाळलेले, नाकं गळणारे. हॉलभर. बस म्हणावं बघत.

संध्याकाळी लेक आली तेव्हा आई पिशवी भरत होती.

"स्टेशनवरचं काम आहे," मावशी म्हणाली. "मोठे फोटो. हॉलमधे कायमचे लागणार."

"रात्री? उघड्यावर? कमी उजेडात?" लेकीचा आवाज एकेका शब्दाला पायरी चढत गेला. "आई, भर उजेडात मुख्याध्यापकांना चार कान काढलेस तू."

"म्हणूनच जातेय."

"म्हणजे?"

मावशीनं पिशवीची चेन ओढली. ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा लागली. "म्हणजे आज एकदाचं काय ते ठरू दे. आज फोटो हलले, तर उद्या सकाळी मी स्वतः कुलूप लावते आणि तुझ्याकडे येते. किल्ली आत्ताच घे. पण एक जरी चांगला आला, तर तू पुन्हा आवराआवरीचं नाव काढायचं नाहीस."

लेकीला हसावंसं वाटलं नाही. तिनं किल्ली घेऊन कोटाच्या खिशात टाकली, कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर घेतला आणि खुंटीवरची कानटोपी काढून आईच्या हातात दिली.

"ही घाल."

"मी काय म्हातारी आहे?"

"घाल."

"दिसते कशी मी त्यात, माकडासारखी."

"तू फोटो काढणार आहेस, तुझा कुणी काढणार नाहीये. घाल!"

मावशीनं जाड काळी लोकरीची कानटोपी घातली आणि रस्ताभर एक शब्द बोलली नाही.

स्टेशनवर दात वाजवणारी थंडी होती. रूळ दिव्यांखाली ओले असल्यासारखे चकाकत होते. फलाट अर्धा भरलेला. जो तो खांदे कानांपर्यंत चढवून उभा, आणि बोलला की तोंडातून वाफ. चहाच्या गाड्यापाशी लोक चहा पिण्यापेक्षा कप धरायला उभे होते. मावशीला बरं वाटलं. इथे सगळेच थरथरत होते. तिच्या एकटीच्या हाताकडे कोण बघतंय?

पहिला सापडला नळवाला. मांडीवर नवंकोरं वॉशबेसिन घेऊन बाकावर बसला होता, लहान मूल घ्यावं तसं.

"मावशी, माझा फोटो? हॉलमधे? कोट आणलाय का तो?"

"कोट नको. बेसिनसकट हवास. हनुवटी वर. हलू नका!"

पुढच्या बाकावर एक नणंद-भावजय होत्या. मधे तिसरा माणूस बसेल एवढी जागा सोडून, दोघी दोन दिशांना बघत.

"एकमेकींकडे सरका."

"तिला सांगा सरकायला," नणंद म्हणाली.

"मी आधी बसलेय," भावजय म्हणाली.

"मी दोघींना उचलून ठेवीन," मावशी म्हणाली. दोघी सरकल्या. सरकल्यावर दोघींनाही ऊब वाटली असावी, कारण पुन्हा लांब कुणी गेली नाही. "हलू नका!"

मावशी रंगात आली होती. स्टँडवर कॅमेरा, डोळा कॅमेऱ्याला, आणि समोरचा मोकळा झाला रे झाला की बटण. किती दिवसांनी तिला असे चेहरे मिळत होते. उजेड कमी, म्हणून शटर, म्हणजे भिंगामागची झडप, जरा जास्त वेळ उघडं ठेवावं लागत होतं, एवढंच. लेक मागे उभी राहून काही बोलत नव्हती. ती बोलत नव्हती म्हणजेच काहीतरी बिनसलेलं होतं.

"दाखव," शेवटी मावशी म्हणाली.

लेकीनं कॅमेऱ्याचा पडदा तिच्यासमोर धरला. नळवाल्याला दोन नाकं होती. बेसिनला कडा नव्हती. नणंद-भावजय तर एकमेकींत विरघळून त्यांची एकच रुंद बाई झाली होती. पुढचा, त्याच्या पुढचा, सगळे तसेच. बटण दाबताना तिचं बोट स्टँडसकट कॅमेऱ्याला हलवत होतं आणि उघड्या शटरनं ते थरथरणं इमानेइतबारे टिपून ठेवलं होतं.

"ते हलले असतील," मावशी म्हणाली.

लेकीचा हात कोटाच्या खिशात होता, किल्ली होती त्याच.

नेमका तेव्हा स्टेशनमास्तर आला. गोल, उत्साही, मफलरमधून नुसतं नाक बाहेर. "या मॅडम, या! झाले का फोटो? बघू बघू!" त्यानं पडद्यावर नजर टाकली. मग मफलर खाली ओढला आणि पुन्हा बघितलं.

"हा कोण?"

"पॅसेंजर."

"नाही, ते दिसतंय. पण हा कशाला? आणि ही बाई, का बायका... पॅसेंजर कुठंय?"

"या काय! तुम्हाला रंगवलेल्या हव्या होत्या, मला माहितीये. धुतलेल्या, बऱ्या दिसणाऱ्या. मागून नको म्हणे! शोभतं का हो तुम्हाला? मी अशाच काढणार. लावायच्या तर लावा."

स्टेशनमास्तरच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग हळूहळू, खालून वर, सगळा चेहरा लाल होत गेला.

"गाडी हो, मॅडम! पॅसेंजर गाडी! रंगवलेली म्हणजे डबे रंगवलेले! धुतलेली म्हणजे... अरे देवा, आणि मी बायकोचंही सांगितलं तुम्हाला!"

लेकीनं तोंडावर हात धरला. आधी हसू दाबायला धरला असावा, पण आईकडे बघितलं आणि हात तसाच राहिला.

"उद्या सकाळी छापायला द्यायचेत," मास्तर कळवळून म्हणाला. "आणि नवी रंगवलेली एकच आहे. ती आता येईल. उद्यापासून ती दुसऱ्या मार्गावर जाणार. मॅडम, एवढी एक तरी घ्या." आणि तो सिग्नलकडे पळाला. हा माणूस चालायचा असा नाहीच, सारखा पळायचा.

मावशी बाकावर बसली. काम चुकीचं ऐकलं. ऐकलं ते चुकीचं काढलं. काढलं तेही हललं. आता एक अख्खी गाडी यायची होती आणि गाडीला स्टुलावर बसवता येत नाही. तिला या फलाटाचं, त्या लाल झालेल्या मास्तरचं, लेकीच्या न बोलण्याचं तोंड बघवेना. तिनं दोन्ही हातांनी कानटोपी खाली ओढली. कपाळावरून, डोळ्यांवरून, थेट नाकापर्यंत. काळोख झाला. लोकरीचा वास आला.

"आई," लेक म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "चल घरी. राहू दे ते. मी नाही काही म्हणणार. चल."

मावशीनं टोपी वर केली. फलाटाचे सगळे दिवे एकदम डोळ्यांत शिरले.

तिनं पुन्हा टोपी खाली ओढली. काळोख. पुन्हा वर केली. उजेड.

"आई, काय करतेस? बरी आहेस ना?"

"टोपी काढली की सुरू," मावशी म्हणाली, "घातली की संपला."

"काय संपला?"

मावशी उठली. डोक्यावरची कानटोपी तिनं ओरबाडून काढली, तेव्हा केस उभे राहिले, त्याची तिला पर्वा नव्हती. स्टँड उचलून तिनं फलाटाच्या टोकाकडे नेला, जिथून गाडी तिरकी आणि पूर्ण दिसेल. शटर चांगलं लांबलचक उघडं राहील असं लावलं.

"हे बघ," ती लेकीला म्हणाली. "बटण मी दाबणार. तेव्हा भिंगावर टोपी. हात हलू दे, कॅमेरा हलू दे, नाचू दे! आत काळोख आहे, काळोखाचा काय फोटो यायचा? मग कॅमेरा शांत झाला की टोपी काढायची. टोपीचा कॅमेऱ्याला धक्का लागत नाही. माझा हात हवेत थरथरला तर थरथरू दे की! बघून झालं की टोपी पुन्हा घालायची."

"आजोबांसारखं," लेक म्हणाली.

"तो माणूस मूर्ख नव्हता," मावशी म्हणाली.

आणि पॅसेंजर आली. लांबून आधी नुसता दिवा, मग रुळांची गुणगुण, मग ती स्वतः, निळी, ताजी रंगवलेली, खिडक्याखिडक्यांतून पिवळा उजेड सांडत, थंडीत अंगातून वाफ सोडत. मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा गाडीकडे नीट बघितलं. च्यायला, ती मनात म्हणाली, मास्तर काही खोटं बोलत नव्हता.

गाडी थांबली. फलाट उसळला. दारं आपटली, सामान चढलं, हाका सुरू झाल्या. नळवाला बेसिन पोटाशी धरून एक पाय पायरीवर टाकतो आहे, नणंद-भावजय एकाच खिडकीत चेहरे घालून भांडताहेत, कुणी उतरतंय, कुणी शोधतंय. टोपी काढून धरावी लागेल तेवढ्या वेळात यातलं काहीच जागेवर राहणार नव्हतं. गाडी तेवढी स्वच्छ येईल आणि माणसांचं धुकं.

मावशीनं भिंगावर टोपी धरली. बटण दाबलं. कॅमेरा थरथरला आणि स्थिरावला. तिनं थंड हवा छातीत भरून घेतली.

"हलू नका!"

आता हे लक्षात घ्या, की त्या शहरात कधी ना कधी त्या स्टुलावर न बसलेला माणूस शोधून सापडला नसता. विचार करायला कुणाला वेळच मिळाला नाही. आवाज कानात शिरला आणि पाठी ताठ झाल्या. नळवाला एक पाय वर तसाच. भावजयीचं बोट नणंदेच्या नाकासमोर तसंच. चहावाल्याच्या किटलीतून पडणारी धार तेवढी पडत राहिली, पण चहावाला हलला नाही. दारात उभ्या गार्डनं हिरवा कंदील वर केला होता, तो वरच राहिला. त्याचा नोकरीचा फोटोही मावशीनंच काढला होता, त्या काळ्या कोटात. अख्खा फलाट, अख्खी गाडी, हनुवट्या वर करून मावशीकडे बघत होती.

तिनं टोपी काढली.

हात थरथरत होता. टोपी त्याच्यात पाखरासारखी फडफडत होती, हवेत, कॅमेऱ्यापासून वीतभर लांब. मावशी टोपीकडे बघतच नव्हती. ती चेहऱ्यांकडे बघत होती. आधी सगळे घाबरून ताठले होते. मग एकेकाच्या लक्षात आलं की अरे, ही तर हलूनका मावशी. आणि त्या हसू आवरणाऱ्या, थंडीनं लाल झालेल्या चेहऱ्यांवर तो मोकळेपणा आला, ज्याची ती जन्मभर वाट बघत आली होती. तो आला आणि तिनं टोपी घातली.

"झालं! चला!"

आणि फलाट पुन्हा उसळला. कुणीतरी गाडीतून ओरडलं, "मावशी, प्रती कधी मिळतील?" गार्डनं शिट्टी फुंकली. पॅसेंजर निघाली.

लेकीनं पडदा समोर धरला आणि फोटो मोठा केला. मग आणखी मोठा. डाव्या टोकापासून एकेक खिडकी, एकेक चेहरा ती तपासत गेली, औषधाच्या बाटलीवरची तारीख तपासतात तसं. नळवाल्याला एक नाक. बेसिनला कडा. दोघी भांडकुदळ बाया वेगवेगळ्या, बोटाच्या नखासकट. डब्यांचा निळा रंग ओला वाटावा असा. मावशीला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडेही बघवत नव्हतं.

"हलला आहे," लेक म्हणाली.

मावशी पडद्यावर वाकली. "कोण?"

"हा बघ."

फलाटाच्या मधोमध, जमिनीपासून हातभर वर तरंगत, एक गोलसर पुसट ढग डावीकडून उजवीकडे गेला होता. ढगाला मफलर होता.

"काय झालं? कोण पडलं? कुणी ओरडलं?" ढग स्वतःच धापा टाकत येऊन पोचला. "मी टोकापर्यंत पळून आलो! सगळे असे पुतळ्यासारखे का उभे राहिले होते? मला वाटलं, अपघात झाला!"

"तुम्ही हललात," मावशी म्हणाली.

लेक हसायला लागली ती थांबेचना. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं; थंडीनं म्हणा, कशानं म्हणा. स्टेशनमास्तरनं पडदा हातात घेतला आणि आज पहिल्यांदाच तो माणूस जागच्या जागी उभा राहिला. बराच वेळ. मग त्यानं बोट हळूच खिडक्यांवरून फिरवलं.

"मला गाडी हवी होती," तो म्हणाला. "रिकामी, स्वच्छ. गाडीच्या फोटोत माणसं आली की मी वैतागतो." पुन्हा बघितलं. "पण ही... मॅडम, हे सगळे माझ्याकडे बघताहेत."

"माझ्याकडे बघताहेत," मावशी म्हणाली. "तुम्ही पळत होतात."

"खाली नाव काय लिहू?"

"पॅसेंजर लिहा. म्हणजे तुमचं तुम्हाला, माझं मला."

परतीच्या रस्त्यावर दोघी एकाच मफलरमधे चालत होत्या, कारण कानटोपी घालायला मावशी तयार नव्हती. "ती आता कामाची वस्तू आहे," ती म्हणाली. स्टुडिओपाशी आल्यावर लेकीनं खिशातून किल्ली काढली, पण लगेच दिली नाही.

"हात डॉक्टरांना दाखवायला यायचं. परवा. मी बरोबर येणार."

"एक चांगला आला तर तू नाव काढायचं नाहीस असं ठरलं होतं."

"आवराआवरीचं नाव नाही काढलं. डॉक्टरांचं काढलं. ते ठरलं नव्हतं."

मावशीनं तिच्याकडे निरखून बघितलं. ही आपलीच पोरगी, यात शंका घ्यायला जागा नव्हती. "येते," ती म्हणाली आणि किल्ली घेतली. कुलपात घालताना किल्ली थोडी खडखडली. लेकीनं हात पुढे केला नाही. मावशीनं उघडलं.

डॉक्टरांनी हाताबद्दल बरंच काही सांगितलं. त्यातलं काही चांगलं होतं, काही नव्हतं. पूर्ण बरं होईल असं त्यांनी सांगितलं नाही, पण घाईघाईनं बिघडेल असंही नाही. मावशी गोळ्या घेते, लेक त्या मोजते. स्टुडिओतले दिवे तिनं जरा मंद केलेत, शटर लांबवलंय, आणि काळ्या कोटाशेजारच्या खुंटीवर काळी कानटोपी टांगलीय. आता "हलू नका" या शब्दांना पुन्हा अर्थ आलाय. खरंच बसावं लागतं, एक लांब श्वासभर, दगडासारखं. मुख्याध्यापक परत येऊन गेले. एकच मिशी घेऊन गेले. स्टेशनमास्तरही एकदा बायकोला घेऊन जोडीनं आला होता. तिसऱ्या प्रयत्नात तो जागेवर बसला.

नवं गिऱ्हाईक आलं की मात्र स्टुलावर बसून हमखास विचारतं: "मावशी, कॅमेऱ्याला कानटोपी कशाला?"

"त्याला थंडी वाजते," मावशी म्हणते. "हनुवटी वर."